लहान गाडी खरंच कुणाला नकोशी झाली आहे का?

तिसरा गिअर (धागाकर्ता)

नॅनो, इऑन, स्पार्क, बीट, रिट्झ, ए-स्टार, रेडी-गो, सॅन्ट्रो, फिगो, पोलो, जॅझ आणि २०२३ मध्ये अल्टो ८००. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या बाजारातून गेलेल्या लहान गाड्यांची ही यादी, आणि ती पूर्णही नाही. काही कंपनीबरोबरच गेल्या (शेवरोले २०१७ ला, फोर्ड २०२१ ला, डॅटसन २०२२ ला), काही एकट्या गेल्या.

कारण विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं: "लोकांना आता एसयूव्हीच हवी." मला हे उत्तर अर्धवट वाटतं, म्हणून धागा काढतोय.

विक्रीचे आकडे वरवर त्याच बाजूचे आहेत. २०१७-१८ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांत एसयूव्ही आणि तत्सम गाड्यांचा वाटा साधारण २८ टक्के होता. २०२४-२५ मध्ये तो ६५ टक्के झाला, म्हणजे ४३ लाखांपैकी जवळजवळ २८ लाख. पण दुसरा आकडाही बघा. ५ लाखांच्या आतल्या गाड्या २०१५-१६ मध्ये ९ लाखांच्या वर खपल्या होत्या. २०२४-२५ मध्ये खपल्या २५ हजारांच्या आसपास.

या ९ लाख घरांना एकाएकी मोठी गाडी आवडायला लागली असं मानायचं का? माझं म्हणणं आहे की त्यातली बरीच घरं नव्या गाडीच्या बाजारातूनच बाहेर पडली. कुणी स्कूटरवरच राहिलं, कुणी जुनी गाडी घेतली. मागे उरले ते ज्यांना मोठी परवडते. मग टक्केवारीत मोठी गाडी वर दिसणारच.

दुसरी गोष्ट कराची. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आणला. लहान म्हणजे काय, तर लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. हेतू चांगला होता, पण टेप लावली ती फक्त लांबीला. रुंदी, उंची आणि वजन मोकळं सोडलं. मग गाड्या तिकडून वाढल्या. मारुती ८०० ची रुंदी १४४० मिमी होती, आजच्या नेक्सॉनची १८०४ मिमी आहे. पहिलीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, दुसरीचं सव्वा टनाच्या घरात. कायद्याच्या लेखी दोन्ही 'लहान'. डिझायर आठवते ना? २००८ ला आली तेव्हा ४१६० मिमी होती. २०१२ ला डिकी आखूड करून ३९९५ वर आणली, केवळ या व्याख्येत बसावी म्हणून.

तुमच्या आजूबाजूला कोण कुठली गाडी घेतंय, आणि का? सविस्तर लिहा.

अभ्या

कराचा भाग माहीत नव्हता, चांगली माहिती. पण मूळ मुद्दा पटला नाही. लोकांना मोठी गाडी हवी आहे आणि त्याला कारण आहे. आधी माझ्याकडे लहान हॅचबॅक होती, आता नेक्सॉन आहे. रात्री कसारा घाटात पुढे-मागे कंटेनर असताना आधीच्या गाडीत पोटात गोळा यायचा, तो आता येत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने पहिल्यांदा आपल्या गाड्या आदळून बघितल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो, पोलो, पाचही जणींना शून्य तारे. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ५ तारे मिळाले, त्या चाचणीत पैकीच्या पैकी तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी. बायको-मुलांना घेऊन फिरणाऱ्या माणसाने यातून काय समजायचं? मला जाहिरातीने भुलवलेलं नाही, मी विचार करून घेतली आहे.

शुभदा

माझं कारण साधं आहे, गुडघे.

साठीच्या पुढच्या बाईने ठेंगण्या गाडीत बसायचं म्हणजे आधी पाठ आत टाकायची, मग एक पाय, मग दुसरा पाय हाताने उचलून आत घ्यायचा. उतरताना दाराच्या वरची कड धरून स्वतःला ओढून काढायचं. साडी असली तर निऱ्या पायात येणार नाहीत हे बघत. उंच गाडीत सीट बरोबर मांडीच्या पातळीला येते, नुसतं सरकून बसलं की झालं. आमच्या भिशीतल्या कितीतरी जणींच्या घरी गाडी बदलली ती या एका कारणाने. मुलगा शोरूममध्ये घेऊन गेला की बसून बघायचं, आणि जिथे कण्हावं लागत नाही ती गाडी ठरते.

पण लांब-रुंद गाडी आम्ही कुणीच मागितली नव्हती. उंच सीट तेवढी हवी होती. आमच्या जुन्या बिल्डिंगच्या फाटकातून ती गाडी बाहेर काढताना मुलगा अगदी मेटाकुटीला येतो.

तिसरा गिअर

शुभदाताई, तुम्ही अगदी नेमकं बोललात. उंच बसायला मिळणं आणि गाडी अवाढव्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ साली आलेली वॅगन आर याच गरजेवर उभी होती. आजची वॅगन आर ३६५५ मिमी लांब आणि १६२० रुंद आहे, सीट उंच, छत उंच. म्हणजे तुमची गरज साडेतीन-पावणेचार मीटरमध्ये भागते.

अभ्या, सुरक्षेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण टाटाची पंच ३८२७ मिमीची आहे आणि २०२१ मध्ये तिला ५ तारे मिळाले. २०२३ च्या चाचणीत अल्टो के-१० ला २ आणि वॅगन आरला १ मिळाला. हा फरक लांबीचा नाही, सांगाड्यावर आणि एअरबॅगांवर किती खर्च केला याचा आहे. लहान गाडी सुरक्षित करता येते. ती तशी करायला लावणं हे आपलं मागणं हवं.

सर्जेराव गॅरेज

कोल्हापुरातून बोलतोय. आमच्या गॅरेजला येणारं गिऱ्हाईक बघितलं तर धागाकर्त्यांचं म्हणणं बरोबर हाय. ज्याला आधी नवी अल्टो घ्यायची असायची तो आता सात-आठ वर्षांची स्विफ्ट नाहीतर आय-२० घेऊन येतोय. नव्या लहान गाडीच्या पैशात जुनी मोठी गाडी मिळते, एसी चांगला, आवाज कमी, घरचे खूश. म्हणजे लहान नव्या गाडीचं गिऱ्हाईक जुन्या बाजारानं खाल्लं, एसयूव्हीनं नव्हे.

पण पुढचं कुणी सांगत न्हाई. अल्टोला १२ इंची टायर, आताच्या गाड्यांना १६ नाहीतर १७ इंची. चार टायर बदलायची वेळ आली की गिऱ्हाईक बाकड्यावर बसून फोन लावत बसतंय. लहान गाडीचा क्लच, ब्रेक लायनर, सस्पेन्शनचे बुश सगळं तालुक्याच्या गावात मिळतं आणि पोरगं अर्ध्या दिवसात बसवून देतं. नव्या मोठ्या गाडीचा पुढचा दिवा फुटला तर अख्खा संच बदलायला सांगतात, त्या पैशात जुन्या गाडीच्या इंजिनाचं अर्धं काम होतं. गाडी घेताना हा हिशोब करणारा माणूस क्वचित दिसतो.

आणि एक. नॅनोवर लोकांनी अन्याय केला असं मला आजही वाटतं. २००८ ला दिल्लीच्या प्रदर्शनात दाखवली तेव्हा 'एक लाखाची गाडी' म्हणून तिचं नाव झालं आणि तेच तिला नडलं. स्वस्तातली गाडी दारात लावली असं कुणी म्हणू नये म्हणून लोक थांबले. चालवायला, वळवायला, पार्किंगला लई भारी गाडी होती. ३.१ मीटर फक्त.

चाकणकर

मी सुट्या भागांच्या पुरवठादार कंपनीत आहे. किंमत कशी चढत गेली ते आतून बघितलंय म्हणून लिहितो.

एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, वेगाची सूचना देणारा आवाज. एप्रिल २०२० ला बीएस-सहा हा धुराचा कडक नियम. जानेवारी २०२२ पासून शेजारच्या सीटलाही एअरबॅग. एप्रिल २०२३ ला बीएस-सहाचा दुसरा टप्पा, ज्यात धूर प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर मोजतात. यातला एकही नियम चुकीचा नाही, काही तर उशिराच आले. पण एबीएसचं युनिट अल्टोला लागलं काय किंवा क्रेटाला लागलं काय, आमच्याकडून जाताना किमतीत फारसा फरक नसतो. १२ लाखांच्या गाडीत तो खर्च जिरून जातो. ३ लाखांच्या गाडीत तोच खर्च गिऱ्हाइकाला परत पाठवतो. अल्टो ८०० बीएस-सहाच्या दुसऱ्या टप्प्याच्या वेळीच बंद झाली, हा योगायोग नाही. लहान डिझेलचंही तेच. धूर साफ करण्याची यंत्रणा लहान गाडीच्या किमतीत बसेना, आणि मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल सोडूनच दिलं.

मग कंपनी काय करते? जो तळ आणि जे इंजिन तयार आहे त्यावर उंच बॉडी चढवते. नायोसच्या तळावर एक्सटर, बलेनोच्या तळावर फ्रॉन्क्स. टायर जरा मोठे, चाकांभोवती काळं प्लास्टिक, छतावर रेल, बॉनेट सपाट आणि उंच. बनवण्याचा खर्च थोडा वाढतो, विकण्याची किंमत त्याहून बरीच जास्त वाढते. कारखान्याची जागा, माणसं, रोबो तेवढेच. एका लाइनवरून दिवसाला ठरावीक गाड्या निघत असतील तर ज्या गाडीत जास्त उरतं तीच काढणार. नुसती हाव म्हणून हा विषय सोडून देता येत नाही, धंद्याचं गणितच तसं बसलंय.

धुराच्या सरासरीचा नियमही बघा. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी काढतात, २०२२ पासून ती ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किलोमीटरच्या आसपास असायला हवी. पण प्रत्येक कंपनीचं लक्ष्य तिच्या गाड्यांच्या सरासरी वजनावरून ठरतं. गाड्या जड, तर लक्ष्य सैल. हलकी गाडी बनवणाऱ्याला लक्ष्य कडक. मुळात कमी पेट्रोल पिणारी गाडी बनवणाऱ्याला त्याचं पुरेसं बक्षीसच नाही.

एक दुरुस्ती. धागाकर्त्यांनी दिलेला ५ लाखांच्या आतला आकडा जपून वाचायला हवा. रेघ ५ लाखांवरच राहिली आणि महागाईने गाड्या ती ओलांडून गेल्या. तीच वॅगन आर काल रेघेच्या आत होती, आज बाहेर. त्यामुळे ९ लाखांची सगळीच गिऱ्हाइकं गायब झाली असं नाही. दिशा मात्र बरोबर सांगितली आहे.

तिसरा गिअर

चाकणकर, दुरुस्ती मान्य. हा प्रतिसाद तर वेगळा लेख होईल.

हिशोबी

कर्जाकडे कुणीच बघितलं नाही अजून. मी बँकेत वाहन कर्जाच्या टेबलवर काम केलंय.

५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ५ वर्षं: हप्ता साधारण १०,४०० रुपये. ८ लाखांचं कर्ज, तेच व्याज, पण ७ वर्षं: हप्ता साधारण १२,९००. शोरूममधला मुलगा गिऱ्हाइकाला सांगतो, "सर, महिन्याला फक्त अडीच हजार जास्त, आणि घरी कसली गाडी येते बघा." समोरच्या माणसाला ते लगेच पटतं, कारण पगार महिन्याला येतो आणि तो विचारही महिन्याचाच करतो.

आता पूर्ण बेरीज करा. पहिल्यात एकूण सव्वासहा लाखांच्या आत फिटतात. दुसऱ्यात जवळजवळ १० लाख ८० हजार. आणि सातवं वर्ष लागेपर्यंत गाडीचा जुना भाव इतका उतरलेला असतो की मध्येच विकायची वेळ आली तर हातात फार काही उरत नाही. पूर्वी ५ वर्षांचं कर्ज हीच सवय होती. मुदत लांबली म्हणून मोठी गाडी 'परवडते'. पगार तेवढा वाढला म्हणून नव्हे.

आमच्या काउंटरवर येणारी तरुण जोडपी बघून जीव तुटायचा. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, फोनचा हप्ता. सांगायला गेलं तर "काका, सगळे घेतात" हे उत्तर.

डोंबिवलीकर

पार्किंगचा हिशोब मी टाकतो. मुंबईच्या विकास नियमावलीत लहान गाडीची जागा २.३ मीटर बाय ४.५ मीटर धरलेली आहे, आणि बिल्डर मंडळी जास्तीत जास्त जागा त्याच मापाच्या काढतात. त्यात स्कॉर्पिओ-एन लावून बघा. तिची रुंदी १९१७ मिमी, आरसे सोडून. २३०० मधून वजा केले की उरले ३८३ मिमी, दोन्ही बाजूंना वाटले तर वीतभरही नाही. एवढ्या फटीतून माणूस दार उघडून बाहेर येऊच शकत नाही. लांबी ४६६२, म्हणजे पुढचं नाक १६ सेंटीमीटर रेघेबाहेर. मारुती ८०० त्याच जागेत लावली असती तर ८६ सेंटीमीटर मोकळे राहिले असते.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तासभर याच विषयावर जातो. दोन खांबांच्या मधल्या जागेत मोठी गाडी लावणारा शेजाऱ्याच्या जागेत चाक टाकतो, शेजारी तक्रार करतो, सेक्रेटरी टेप घेऊन जमिनीवर नव्याने पांढरा रंग मारून घेतो, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ज्या इमारतींत यांत्रिक पार्किंग आहे तिथे तर पाळण्याची रुंदी आणि वजनाची मर्यादा ठरलेली असते. फ्लॅट घेताना पार्किंगचे वेगळे पैसे मोजलेले आणि नवी गाडी पाळण्यात जात नाही म्हणून रस्त्यावर उभी, अशी घरं मी बघतो आहे.

२०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं होतं की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही. जागा आहे की नाही एवढंच विचारून भागणार नाही. गाडी त्या जागेत मावते का हेही विचारायला हवं.

नागोयाहून

डोंबिवलीकर, जपानमध्ये नेमकं हेच विचारतात. गाडी घेताना पोलीस ठाण्यातून जागेचं प्रमाणपत्र काढावं लागतं. जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी, आणि घेणार असलेली गाडी त्यात बसायला हवी. नकाशा काढून, मापं लिहून द्यायची. रात्रभर रस्त्यावर गाडी लावून ठेवता येत नाही.

इथल्या लहान गाड्यांना केई म्हणतात. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८, उंची २ मीटर, इंजिन ६६० सीसी, चारही बाजूंनी मर्यादा बांधलेली. धागाकर्त्यांनी जे लिहिलंय की आपण टेप फक्त लांबीला लावली, त्याचं उलट उदाहरण हे. रुंदी बांधली म्हणून इथल्या इंजिनीअरांनी डोकं आतल्या जागेवर चालवलं. सरकती दारं, उंच छत, घडी होणाऱ्या सीटा. होंडाची एन-बॉक्स ही २०२४ ची जपानमधली सर्वाधिक खपाची गाडी होती, सगळ्या आकारांच्या गाड्या धरून. देशात विकली जाणारी साधारण प्रत्येक तिसरी गाडी केई असते. वर्षाचा कर १०,८०० येन, तर १ लिटरपर्यंतच्या साध्या गाडीला २५,०००. शुभदाताई, इथे ऐंशीच्या आज्या एन-बॉक्समधून भाजी आणायला जातात, सीट अगदी तुम्ही म्हणता तशी.

आणि आपली मारुती ८०० तरी कुठली? सुझुकीच्या अल्टोवरून आलेली, म्हणजे केईच्याच घराण्यातली. फक्त इंजिन ७९६ सीसी केलं. डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या गिऱ्हाइकाला किल्ली दिली ती या घराण्यातल्या गाडीची. आपण त्या मापाच्या गाडीवर तीस वर्षं देश चालवला. आपल्याला ती मापं परकी नाहीत.

अकोलेकर

तुमी सारे पुण्या-मुंबईचं बोलून राह्यले भाऊ. आमच्याकडे काळी माती आहे. जूनमध्ये एकदा पाऊस झाला की वावराच्या रस्त्यानं ठेंगणी गाडी जात नाही, चेंबर घासते, चाक फसते. मंग ट्रॅक्टर बोलवा ओढायला. डांबरी रोडवरही गतिरोधक असे की तिरपी केल्याशिवाय लहान गाडी निघत नाही. उंच गाडी आमाले शोक म्हणून नको, लागते म्हणून पाह्यजे. दवाखान्यात माणूस न्यायचा तर संग चार जण येतात, लग्नात सात जण एका गाडीत बसतात.

पण गंमत अशी नाही की फक्त मोठी म्हणून घेतली. गावात अजूनही बोलेरोच चालते, आणि ते बी ३९९५ मिमीचीच आहे. नाशिकले बनते, कोणताही मिस्त्री दुरुस्त करते. रस्ते चांगले करून द्या, गतिरोधक मापात बनवा, मंग पाहू किती लोक उंच गाडी मागतात ते.

केतकी_म

अकोलेकरांचं पटलं, पण मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी स्कूटर चालवते आणि माझी मुलगी शाळेला चालत जाते.

वर सुरक्षेची चर्चा झाली ती सगळी गाडीच्या आतल्या माणसांची. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची, १९.५ टक्के पायी चालणारी. म्हणजे तिघांतले जवळजवळ दोघं गाडीत नव्हतेच. त्यांच्यासाठी समोरच्या गाडीचे तारे काय कामाचे?

अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४० इंचांपेक्षा उंच बॉनेट असलेल्या गाड्यांनी धडक दिल्यावर माणूस दगावण्याची शक्यता, ३० इंचांच्या आतल्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा साधारण ४५ टक्के जास्त निघाली. कारण सरळ आहे. ठेंगणी गाडी पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सपाट नाक छातीला किंवा डोक्याला लागतं आणि माणूस खाली जातो. मूल असेल तर आधी दिसतच नाही. एकदा आमच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एका उंच गाडीच्या पुढे मुलीला उभं केलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघितलं. पहिलीतली पोर, तिच्या केसांतला रिबिनीचा बो तेवढा दिसत होता.

अभ्या, तू मुलांसाठी ती गाडी घेतलीस हे समजू शकते. पण रस्त्यावरची मुलं पण कुणाची तरी आहेत ना.

अभ्या

केतकी, हा मुद्दा मी कधी त्या बाजूने बघितला नव्हता, खरंच. पण एकट्याने काय करायचं सांग. मी लहान गाडी घेतली म्हणून समोरचा दोन टनांचा रथ हलका होत नाही. सगळे मोठे झाल्यावर लहान राहणाऱ्याला भीती वाटणारच. मी आजही कुटुंबासाठी तोच निर्णय घेईन. बदल नियमातून व्हायला हवा, माझ्या एकट्याच्या हौतात्म्यातून नाही.

चाकणकर

अभ्याच्या म्हणण्यात तांत्रिक तथ्य आहे. तारे देताना गाडी ठरावीक अडथळ्यावर आदळतात. ते साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर होण्यासारखं असतं. ५ तारे असलेली हलकी गाडी आणि ५ तारे असलेली जड गाडी समोरासमोर आल्या तर हलकीला जास्त लागतं, तारे कितीही असोत. म्हणूनच सगळ्यांच्या गाड्या हळूहळू जड होत जातात.

म्हापसेकर

गोव्यातून +१. आमच्या वाड्यांवरचे रस्ते दोन बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांमध्ये आहेत, समोरून गाडी आली की एकाने मागे जाऊन कुणाच्या तरी अंगणाच्या तोंडाशी थांबायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दोन लहान गाड्या आरसे मिटून एकमेकींना पार होतात. आता पर्यटक भाड्याच्या रुंद जीपगाड्या घेऊन आत शिरतात आणि त्यांना मागे घेताही येत नाही. पणजीत फोन्तेन्यशच्या गल्ल्यांत तर गाडी थांबली की मागे रांगच लागते. रस्ता रुंद करा म्हणणारे लोक घरांच्या बाल्कावांकडे (दारापुढच्या ओट्यांकडे) बघून बोलत नाहीत.

तिसरा गिअर

सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं आता जास्त नेमकं मांडतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. लहान गाडीवर उपकर धरून २९ ते ३१ टक्के होता, तो १८ झाला. मोठ्या एसयूव्हीवर ५० होता, तो ४० झाला. लहान गाड्यांची विक्री त्यानंतर वाढली, म्हणजे गिऱ्हाईक मेलेलं नव्हतं, पैशापाशी अडलेलं होतं. माझ्या मूळ मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा मला नको. पण रुपयांत बघा. जुन्या दराने ५ लाखांची पेट्रोल गाडी साधारण ४३ हजारांनी उतरली. २० लाखांची मोठी एसयूव्ही १ लाख ३३ हजारांनी. शिवाय १८ टक्क्यांची व्याख्या तीच जुनी, ४ मीटर आणि सीसी. पाऊण टनाच्या अल्टोला जो कर, तोच सव्वा टनाच्या, १.८ मीटर रुंद गाडीला. आपल्या राज्याचा एकरकमी वाहन करही किमतीवर आहे, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. रस्त्याची किती जागा व्यापता याचा प्रश्नच कुठे येत नाही.

मला वाटतं रुंदी आणि वजन व्याख्येत यायला हवं. उंचीला हात लावू नका, म्हणजे शुभदाताई आणि अकोलेकर दोघांचीही सोय राहील. फ्रान्समध्ये १५०० किलोंच्या (२०२५ पर्यंत १६००) वरच्या गाडीवर दर किलोमागे दंड आहे, आणि पॅरिसने ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट केलं, मध्यभागात तासाला १८ युरो. तेवढं टोकाला आपण जाऊ नये. पण १ टनाच्या आत आणि १.६५ मीटरच्या आत असलेल्या गाडीला १८ च्या ऐवजी १२ टक्के कर असा वेगळा टप्पा केला, तर कंपन्या त्या मापात ५ तारेवाली गाडी बनवतील. ४ मीटरची अट आली तेव्हा सहा वर्षांत डिकी कापून दाखवली होतीच.

अकोलेकर

वजनावर कर लावसान तर बोलेरोवाला मरते. खेड्यात मजबूत गाडी जडच असते.

तिसरा गिअर

अकोलेकर, जडवर वाढवा असं म्हणत नाही, हलक्यावर कमी करा म्हणतो. बोलेरोचा आजचा दर आहे तोच राहील.

हिशोबी

आणि बॅटरीच्या गाड्या? त्या जड असतात, पण त्यांना ५ टक्केच कर आहे. वजनाचा नियम त्यांना लावणार का?

चाकणकर

बॅटरीच्या गाडीला वजनाची अट वेगळी ठेवावी लागेल, पण रुंदीची तीच ठेवता येईल. एमजी कॉमेट २९७४ मिमीची आहे, म्हणजे बॅटरी घालूनही तीन मीटरच्या आत चार माणसं बसवता येतात.

अंमलबजावणी अवघड नाही. गाडी बाजारात आणण्याआधी एआरएआयसारख्या संस्थेकडून जे प्रमाणपत्र घ्यावं लागतं त्यात लांबी, रुंदी, वजन सगळं नोंदवलेलं असतं, आणि रिकाम्या गाडीचं वजन तर आरसीवरही असतं. नवीन काही मोजायचं नाही.

अडचण कंपन्यांच्या आपसातल्या भांडणाची आहे. धुराच्या सरासरीचा पुढचा टप्पा एप्रिल २०२७ पासून यायचा आहे. त्याच्या सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोंपर्यंतच्या, ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना थोडी सवलत सुचवली होती. त्यावरून उघड दोन तट पडले. ज्यांच्याकडे हलक्या गाड्या आहेत त्यांना ती हवी, ज्यांच्याकडे नाहीत ते म्हणाले एका कंपनीच्या फायद्याची आहे. ९०९ चा आकडा कुठल्या मॉडेलच्या आत आणि कुठल्याच्या बाहेर पडतो, यावरच सगळा वाद झाला. नवं मॉडेल कागदापासून रस्त्यावर यायला तीन-चार वर्षं लागतात. आता जी व्याख्या ठरेल त्यावर २०३० नंतर दुकानात काय उभं असेल ते ठरणार आहे, आणि तो निर्णय होताना गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलणारं त्या टेबलवर कुणी नसतं. हरकती-सूचना मागवतात तेव्हा सामान्य माणसालाही पाठवता येतात. कुणी मराठीत मसुदा तयार करणार असेल तर मापं आणि आकडे मी तपासून देतो.

केतकी_म

मी लिहिते. बॉनेटच्या उंचीचा मुद्दा त्यात घालणार आहे. आकडे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.